वाघिणीच्या गळ्यातला पट्टा आणि विटांचा चंद्र

मुलांनो, नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गाने निघालात, की भंडारा मागे पडतं, वैनगंगेचा पूल येतो, मग लाखनी आणि मग साकोली. साकोलीला महामार्ग सोडायचा आणि डावीकडे वळायचं. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मधूनमधून एखादा तलाव, त्याच्या पाळीवर बसलेले बगळे. हळूहळू बांध्या संपतात आणि झाडी सुरू होते. आमच्या या भागाला झाडीपट्टी म्हणतात ते उगीच नाही. मग येतं पिटेझरीचं फाटक. तिथून पुढे नागझिरा अभयारण्य.

आता जरा गावांची नावं बघा. पिटेझरी, मंगेझरी, उमरझरी आणि मधोमध नागझिरा. झरी काय, झिरा काय, दोन्ही शब्द पाण्याचे. जंगलाच्या पोटात झरे आहेत, म्हणून नावांतही झरे आहेत. नागझिऱ्याला नागाचं देवस्थान आणि कधी न आटणारा झरा, असं दोन्ही एकत्र आलंय. उन्हाळ्यात बाहेर मे महिन्याचा वणवा पेटलेला असतो, तरी इथल्या तलावात पाणी असतं. मोठ्या शहरातल्या मुलांना याचं अप्रूप वाटणार नाही कदाचित, पण आम्ही पाण्याची किंमत ओळखतो.

१९७० साली हे अभयारण्य झालं. ऐन, साग, बिजा, धावडा, तेंदू, मोह आणि बांबूची बेटं असं हे जंगल. व्यंकटेश माडगूळकर इथे येऊन राहिले आणि ‘नागझिरा’ नावाचं पुस्तकच त्यांनी लिहिलं. मारुती चितमपल्ली यांनी तर या भागातली जंगलं आयुष्यभर वाचली. किरण पुरंदरे चारशे दिवस इथे मुक्काम ठोकून बसले. म्हणजे बघा, लेखकांना या जंगलाने नेहमीच ओढून आणलं आहे. घरी कुणाकडे यांची पुस्तकं असली तर सुट्टीत जरूर काढा.

पण आज मी तुम्हांला झाडांची आणि पाखरांची माहिती सांगायला बसलेले नाही. आज सांगायची आहे ती एका पट्ट्याची गोष्ट. आणि ती सांगता सांगता आपण नागझिऱ्यातून थेट आकाशात जाणार आहोत. घाबरू नका, परत आणून सोडीन!

नागझिऱ्यात सगळं होतं. रानगवे होते, सांबर होते, चितळ होते, अस्वलं होती, बिबळे होते, रानकुत्र्यांच्या टोळ्या होत्या. २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. त्याचं गाभा क्षेत्र जवळजवळ ६५६ चौरस किलोमीटर. एवढ्या जागेच्या मानाने वाघ मात्र फार थोडे. इकडे हे असं, आणि तिकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीच्या जंगलात नेमकं उलटं! तिथे वाघ इतके वाढले, की त्यांना जागा पुरेना आणि माणसांशी गाठ पडू लागली. गाठ पडली की कुणाचा तरी जीव जातो, कधी माणसाचा, कधी वाघाचा.

मग वनखात्याने ठरवलं, तिकडच्या वाघिणी इकडे आणायच्या. २० मे २०२३ ला दोन वाघिणी ब्रह्मपुरीहून आणून नागझिऱ्यात सोडल्या. २०२४ च्या एप्रिलमध्ये तिसरी आणली. नावं अगदी कोरडी : एनटी-१, एनटी-२, एनटी-३. (आमच्या वर्गातल्या मुलांनी लगेच त्यांची बारशी केली, पण ती नावं वर्गातच राहू देत.) सोडण्याआधी प्रत्येकीच्या गळ्यात पट्टा बांधला. इंग्रजीत त्याला रेडिओ कॉलर म्हणतात, आणि हा तर उपग्रहाशी बोलणारा कॉलर.

जिप्सीत बसल्यावर आमच्या वाटाड्या भाऊंनी हे सांगितलं, तेव्हा मागच्या सीटवरून प्रश्न आला, “मॅडम, वाघिणीचा पट्टा बोलते तरी कोनासंग?” भाऊ हसले आणि बोट वर केलं, “वरच्यासंग!” त्यांना उपग्रह म्हणायचा होता. पोरं देवबाप्पा समजून बसली.

तर हे ‘वरचं’ प्रकरण काय आहे?

पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर जीपीएसचे उपग्रह फिरत असतात. प्रत्येकाच्या पोटात अतिशय अचूक घड्याळ. तो सतत ओरडत असतो, “मी इथे आहे, आणि आत्ता इतके वाजलेत!” ही हाक रेडिओ लहरींवरून येते, म्हणजे प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. तरीही खाली पोचायला तिला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतोच. पट्टा तो उशीर मोजतो. उशिरावरून अंतर कळतं. एका उपग्रहापासूनचं अंतर कळून भागत नाही, पण चार उपग्रहांची अंतरं कळली, की पृथ्वीवरची जागा नक्की होते. म्हणजे वाघीण ऐनाच्या झाडाखाली झोपलेली असते आणि तिच्या गळ्यातला पट्टा गणित सोडवत असतो! मग तो उत्तर दुसऱ्या, निरोप पोचवणाऱ्या उपग्रहाकडे पाठवतो, आणि तिथून ते वनखात्याच्या संगणकावर येतं. याशिवाय पट्ट्यातून साधी टिकटिकही निघत असते. जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखी काड्यांची अँटेना हातात धरून वनरक्षक गोल फिरतात. ज्या दिशेला टिकटिक मोठी, तिकडे वाघीण.

आता लक्ष द्या. उपग्रहाकडून आपली जागा विचारून घ्यायची, ही कल्पना पहिल्यांदा छापून आली ती कुठल्या शास्त्राच्या पुस्तकात नव्हे. एका गोष्टीत आली होती, आणि तीही १८६९ साली!

तेव्हा विमान नव्हतं, मोटार नव्हती, विजेचा दिवाही घराघरात नव्हता. एडवर्ड एव्हरेट हेल नावाच्या अमेरिकन लेखकाने एक गोष्ट लिहिली, तिचं नाव ‘विटांचा चंद्र’. समुद्रातल्या खलाशांची मोठी पंचाईत होती. ध्रुव तारा क्षितिजापासून किती वर आहे ते मोजून अक्षांश काढता येतो, पण रेखांश सांगणारा तसा तारा नाही. मग गोष्टीतली माणसं म्हणतात, आकाशात आपणच एक चंद्र टांगू या की! तो सगळ्यांना दिसेल आणि त्यावरून रेखांश काढता येईल. उडताना हवेच्या घर्षणाने लोखंड टिकणार नाही, म्हणून चंद्र विटांचा. दोनशे फूट व्यासाचा. तो उडवायचा कसा? प्रचंड फिरत्या चाकांनी भिरकावून. आणि गंमत म्हणजे तो चंद्र वेळेआधीच सुटतो आणि आत असलेली माणसंही त्याच्याबरोबर वर जातात!

विटांचा चंद्र चाकांनी उडत नसतो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पण त्यातला मुद्दा बघा. समुद्रावरचा हरवलेला खलाशी आणि वर त्याला जागा सांगणारा माणसाने बनवलेला गोळा. नागझिऱ्यातल्या वाघिणीच्या पट्ट्याचं काम हेच तर आहे.

आता खरं तेवढंच सांगते. जीपीएस बांधणाऱ्यांनी हेलची गोष्ट वाचली आणि लगेच कामाला लागले, असं काही झालं नाही. ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाने स्पुटनिक सोडला. त्याची बीप-बीप अमेरिकेतल्या दोन तरुण शास्त्रज्ञांनी ऐकली. आगगाडी जवळ येताना आणि लांब जाताना तिच्या शिट्टीचा आवाज बदलतो ना, तशी ती बीप बदलत होती. त्या बदलावरून त्यांनी उपग्रह कुठे आहे ते शोधलं. मग त्यांच्या वरिष्ठाने विचारलं, हेच उलटं करता येईल का? उपग्रह कुठे आहे ते माहीत असेल, तर ऐकणारा कुठे आहे ते सांगता येईल का? त्या उलट्या प्रश्नातून पुढे जहाजांना वाट दाखवणारे उपग्रह आले आणि १९७८ पासून जीपीएसचे. आपल्या भारतानेही २०१३ ते २०१६ या काळात स्वतःचे सात उपग्रह सोडून ‘नाविक’ ही व्यवस्था उभी केली.

मग गोष्टींनी काहीच केलं नाही का? केलं, चांगलंच केलं. आता दुसऱ्या कल्पनेकडे वळू, ती आहे निरोप पोचवणाऱ्या उपग्रहाची.

१९४५ च्या ऑक्टोबरमध्ये आर्थर सी. क्लार्क या तरुण इंग्रज गृहस्थांनी रेडिओच्या एका मासिकात लेख लिहिला. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह सोडला, तर त्याला पृथ्वीभोवती फिरायला बरोबर एक दिवस लागेल. पृथ्वीही एका दिवसात फिरते. म्हणजे खालून बघणाऱ्याला तो एकाच जागी टांगल्यासारखा वाटेल. असे तीन उपग्रह ठेवले, की साऱ्या जगाला निरोप धाडता येतील. त्या वेळी माणसाने एकही उपग्रह सोडला नव्हता!

आणि यामागेही एक गोष्ट आहे. १९४२ सालापासून जॉर्ज ओ. स्मिथ नावाचा एक रेडिओ इंजिनिअर एका अमेरिकन मासिकात गोष्टी लिहीत होता. अंतराळात तरंगणारं एक ठाणं आणि ते ग्रहाग्रहांमधले निरोप इकडून तिकडे पोचवतं, अशा त्या गोष्टी. क्लार्क यांनी त्या वाचल्या होत्या. आपल्या कल्पनेमागे नकळत त्या गोष्टी असाव्यात, असं त्यांनी पुढे स्वतःच मान्य केलं. इंजिनिअरने गोष्ट लिहिली, ती वाचणाऱ्याने लेख लिहिला, आणि १९६४ साली पहिला असा ‘स्थिर’ उपग्रह खराच आकाशात जाऊन उभा राहिला.

क्लार्क यांचं सगळंच बरोबर आलं असं मात्र नाही. त्यांना वाटलं होतं, की या ठाण्यांवर माणसं राहावी लागतील. का? तर तेव्हाच्या रेडिओत काचेचे दिवे असत, ते सारखे जात. ते बदलायला कुणीतरी नको का? पुढे ट्रान्झिस्टर आला आणि माणसांची गरज उरली नाही. मला ही चूक फार आवडते. जग बदलणारी कल्पना सुचलेल्या माणसालाही शेजारच्या खोलीत काय बदलणार आहे ते दिसत नाही!

या गोष्टीचा एक धागा आपल्या अगदी जवळून जातो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं एक वर्ष भारताने एक मोठा प्रयोग केला. अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभर उसना घेतला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन संच पोचवले. या प्रयोगाचं नाव ‘साइट’. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी शेतीचे आणि आरोग्याचे. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण मध्य प्रदेश होता, आणि त्यातली खेडी होती रायपूरच्या भागातली. गोंदियाहून आगगाडीत बसलात, तर काही तासांत रायपूर. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीतल्या शेजारच्या पोरांनी उपग्रहावरून आलेला टीव्ही बघितला, मुंबईकरांच्याही आधी! खेड्यातल्या अँटेना कशाच्या होत्या, माहीत आहे? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या, दहा फूट रुंदीच्या. स्वस्त, हलक्या आणि काम चोख.

क्लार्क तेव्हा श्रीलंकेत कोलंबोला राहत होते. आपल्या इस्रोचे इंजिनिअर तिकडे गेले आणि त्यांच्या घरी अशीच एक अँटेना बसवून आले. ज्याने तीस वर्षांपूर्वी कागदावर उपग्रह मांडला, त्याच्या घरात भारतीयांनी उपग्रहाचा टीव्ही लावून दिला. देणं फेडायची ही रीत मला तरी झकास वाटते.

उपग्रह वर न्यायला रॉकेट हवं, तिथेही गोष्ट आहेच. रॉबर्ट गोडार्ड हा अमेरिकन मुलगा एच. जी. वेल्सची मंगळावरच्या स्वारीची कादंबरी वाचून वेडा झाला होता. १९ ऑक्टोबर १८९९ ला, सतरा वर्षांचा असताना, तो चेरीच्या झाडावर वाळक्या फांद्या छाटायला चढला आणि तिथेच त्याच्या मनात आलं, की मंगळापर्यंत जाणारं यंत्र केलं तर? आयुष्यभर तो ती तारीख पाळत आला. १६ मार्च १९२६ ला त्याने द्रव इंधनाचं जगातलं पहिलं रॉकेट उडवलं. ते किती उंच गेलं असेल? ४१ फूट! नागझिऱ्यातला जुना ऐन त्याहून उंच असतो. अडीच सेकंदांत सगळा खेळ आटोपला. पण चंद्रावर माणूस नेणारं रॉकेट याच जातीचं होतं, आणि २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रावर उतरलेल्या आपल्या चांद्रयान-३ ला घेऊन जाणाऱ्या रॉकेटमध्येही द्रव इंधनाची इंजिनं होती.

आईबाबांनो, दोन वाक्यं तुमच्यासाठी. पोरगं ‘असलं काहीतरी’ वाचत बसलं, की आपण म्हणतो, अभ्यासाचं पुस्तक घे. मीही शिक्षिका आहे, अभ्यासाचं पुस्तक घ्यायलाच हवं. पण भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणून मुलांच्या हातात ठेवला, तो काही वेळ घालवायला नव्हे. आणि जयंत नारळीकरांचं उदाहरण घ्या. केंब्रिजला शिकलेला, जगभर नाव झालेला शास्त्रज्ञ. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, पण स्वतःच्या नावाने नाही. परीक्षकांनी नावाकडे बघून बक्षीस देऊ नये म्हणून त्यांनी नाव घेतलं ‘नारायण विनायक जगताप’. आता जयंत विष्णू नारळीकर यांची आद्याक्षरं उलटी वाचून बघा बरं! पहिलं बक्षीस त्या ‘जगतापांना’ मिळालं. पुढे त्यांनी ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ अशी कितीतरी पुस्तकं लिहिली. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. ‘वामन’मध्ये माणसापेक्षा शहाणं होऊ बघणारं यंत्र आहे. आज सगळे यंत्रांच्या बुद्धीबद्दल बोलत आहेत, तेव्हा ते पुस्तक वाचून बघा, आजचंच वाटेल.

चला, आता कबूल केल्याप्रमाणे जंगलात परत.

जनावराच्या गळ्यात पहिल्यांदा रेडिओ बांधला तो परदेशातच. १९६१ साली अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात क्रेगहेड नावाच्या भावांनी अस्वलाला पट्टा बांधला. १९७० मध्ये तिकडच्याच मोनिक नावाच्या एल्क जातीच्या सांबरासारख्या मादीला उपग्रहाशी बोलणारा पट्टा घातला. त्याचं वजन होतं दहा किलोच्या वर! आमच्या चौथीतल्या मुलाचं भरलेलं दप्तर त्यापुढे काहीच नाही. आता पट्टा प्राण्याच्या वजनाच्या दोन-तीन टक्क्यांपेक्षा जड नसावा, असा अभ्यासकांचा दंडक आहे.

या पट्ट्यांनी आपल्याला काय काय दाखवलं! २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून एक तरुण वाघ निघाला. तो तेलंगणात शिरला, परत आला, शेतांमधून, ओढ्यांमधून, रस्ते ओलांडत चालत राहिला आणि सुमारे १,३०० किलोमीटर चालून बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या गळ्यात पट्टा नसता, तर या प्रवासावर कुणी विश्वास ठेवला नसता.

पण पट्टा म्हणजे जादूचा ताईत नव्हे. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ तुमच्या आईबाबांना आठवत असेल. धिप्पाड, देखणा, ‘शोले’तल्या जयचं नाव मिळालेला. २०१३ मध्ये तो इथून निघाला आणि शंभरावर किलोमीटर चालून उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात राजा होऊन बसला. त्याला बघायला लोक लांबून येत. त्याच्याही गळ्यात पट्टा होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये पट्ट्याचे निरोप येणं थांबलं. वनखात्याने शोधलं, गावकऱ्यांनी शोधलं, पण जय पुन्हा कुणालाच दिसला नाही. उपग्रह आपल्या जागी होता, संगणक आपल्या जागी होता. गोष्टीतली यंत्रं कधी बंद पडत नाहीत, जंगलातली पडतात. बॅटरी संपते, पट्टा आपटून फुटतो, आणि शेताभोवती कुणी चोरून सोडलेल्या विजेच्या तारेला तर पट्ट्याचं काहीच भय नसतं.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं पडतात. फाटकाबाहेरच्या गावांतल्या बाया टोपल्या घेऊन अंधारातच झाडांखाली पोचतात, कारण उशीर केला तर फुलं चितळ आणि अस्वलं खाऊन जातात. मे महिना आला, की तेंदूपत्त्याचं काम. वाकून फुलं वेचणारी बाई लांबून जनावरासारखी दिसते. अशा वेळी “वाघीण आज तुमच्या बाजूला आहे, जाऊ नका” हा निरोप वेळेवर मिळाला, तर दोघींचाही जीव वाचतो, बाईचाही आणि वाघिणीचाही. पण पट्टा प्रत्येक वाघाला नसतो. म्हणून आता गावाच्या वेशीवर वाघ ओळखणारे कॅमेरे लावायचे आणि वाघ दिसताच गावाला इशारा द्यायचा, असे प्रयोग ताडोबाच्या बाजूला सुरू झाले आहेत. कॅमेरा गाय, कुत्रा आणि वाघ यांतला फरक स्वतःच ओळखतो.

आमच्या मुलांना मी विचारलं, तुम्ही काय बनवाल? एकीने सांगितलं, आईच्या टोपलीलाच पट्टा बांधायचा, म्हणजे वाघिणीला कळेल की इथे माणूस आहे. दुसरा म्हणाला, मोहफुलं वेचणारा कृत्रिम हात. तिसऱ्याने विचारलं, “मॅडम, वाघिणीला आपला पट्टा नको असंल तं?” यावर वर्गात तासभर भांडण झालं. तुम्हांला काय सुचतं ते गोष्ट करून लिहा आणि संपादकांकडे पाठवा.

नागझिऱ्याला यायचं असेल, तर नोव्हेंबर ते मे हा काळ बरा. पावसाळ्यात जंगल पर्यटकांना बंद असतं. थंडीत पहाटे स्वेटर, कानटोपी हवीच. उघड्या जिप्सीत बोटं गारठतात. भडक कपडे नकोत, खाऊची पाकिटं आत नेऊ नयेत, आणि वाघ दिसलाच पाहिजे असा हट्ट धरू नये. गोंदियाकडून येणाऱ्यांना मंगेझरीचं फाटक जवळ, तिरोड्याकडून चोरखमारा. तलावाशी गाडी थांबली, की पाच मिनिटं कुणीही बोलू नका. पलीकडच्या काठावर सर्पगरुड बसलेला असतो, आणि चितळांचा कळप पाण्यावर उतरण्याआधी बराच वेळ झाडीत उभा राहून वास घेत असतो.